हात धुतल्यावरचा आकडा

टेलर मास्तरांचं सगळं आयुष्य सुयांच्या संगतीत गेलं. हाताच्या सुया, मशिनच्या सुया, ओठांत धरायच्या टाचण्या. एकदा तर चालू मशिनची सुई नखातून आरपार गेली, तेव्हा मास्तरांनी आधी गिऱ्हाइकाच्या कापडाला रक्त लागलं नाही ना ते पाहिलं आणि मग "आई गं" म्हटलं. पण हाच माणूस साखर मोजायची इवलीशी सुई बोटावर टेकवताना डोळे गच्च मिटून घ्यायचा. शेजारच्या गाळ्यातला इस्त्रीवाला हे पाहून हसून हसून बेजार व्हायचा.

"तू शिंपी आहेस का कोण आहेस रे?" तो विचारायचा.

"ही सुई माझ्या हाताने कुठे जाते? बटण दाबलं की आपली आपण येते. तिचा काय भरवसा?" मास्तर म्हणायचे.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढी दोनच बोटं त्यांनी या कामाला दिली होती, आणि तीही कडेला. बाकीच्या बोटांना कापड सरकवायचं असतं. त्यांच्यावर रक्ताचा एक ठिपका जरी राहिला तरी पांढऱ्या शर्टाची वाट लागते.

मीटर लेकीने पाठवलं होतं. बायको गेली, पाठोपाठ लेक लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली, आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत मास्तर आणि मधुमेह असे दोघेच उरले. लेकीने लांबून घराची सूत्रं हातात घेतली. रोज सकाळी, चहाच्या आधी, ती व्हिडिओ कॉल करायची. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असायची. फोन बरणीला टेकवून ती भाजी चिरायची आणि मास्तरांना तिचा एक कान, अर्धा चेहरा आणि मागची पांढरी फरशी दिसायची. आकडा मीटरवरच दाखवायचा, तोंडी चालायचं नाही. लेकीचा बापावर जीव होता, विश्वास नव्हता.

"एकशे अठरा! छान. आता गोळी घ्या. जीभ दाखवा. हं. ठेवते बाबा, कुकर लावायचाय."

झालं. संपला फोन. मास्तर बंद पडद्याकडे बघत बसायचे. दिवसभरात तिला सांगायच्या म्हणून ते कितीतरी गोष्टी मनात जमवून ठेवत. जिन्याखाली मांजरीने पिल्लं घातली. शाळेच्या बाईंनी लेकाच्या लग्नासाठी कोट शिवायला टाकलाय आणि तो मापाला यायचं नाव घेत नाही. हे सगळं आकडा चांगला आला की राहून जायचं. तिने "कसे आहात?" विचारलंच तर मास्तर म्हणायचे, "एकदम झकास!" दुसरं काही म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. बायकोलासुद्धा ते कधी काही म्हणाले नव्हते. तिला ब्लाउज तेवढे मापात शिवून दिले.

मग एका सकाळी ते संत्र्याचं झालं. टोचून झालं की लगेच खायला म्हणून मास्तरांनी संत्रं सोलून ठेवलं, हात विजारीला पुसले आणि बोट टोचलं. आकडा आला दोनशे सत्तेचाळीस. लेकीच्या हातातली सुरी थांबली. तिने फोन उचलून जवळ घेतला आणि मास्तरांना कितीतरी दिवसांनी तिचा पूर्ण चेहरा दिसला. डोळ्यांखाली काळं आलं होतं. केस कापले होते, आणि ते मास्तरांना ठाऊकच नव्हतं.

"बाबा, काल काय खाल्लंत? खरं सांगा. दुकानात बसून बसून पाय आखडत नाहीत ना? झोप लागते का?"

ती रागावली, समजावून झालं, पुन्हा रागावली. तिकडे गॅसवर काहीतरी चरचरून करपत होतं तरी ती उठली नाही. मास्तरांनी त्या दिवशी मांजरीच्या पिल्लांचंही सांगून घेतलं. फोन ठेवल्यावर त्यांना जिना चढल्यासारखी धाप लागली होती आणि फार बरं वाटत होतं.

संत्र्याच्या रसातली साखर बोटावर राहिली होती, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मीटरसोबतच्या कागदावर पहिलीच सूचना होती, हात साबणाने धुवा. मास्तर ती सूचना वाचून खुदकन हसले. दुसऱ्या दिवशी हात धुतले, आकडा चांगला आला, कुकर लावायचा होता, फोन संपला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा संत्रं सोललं.

मास्तर खोटं बोलत नसत. गिऱ्हाइकाला कपडा मंगळवारी देतो म्हणाले तर मंगळवारीच देत, आणि शिंप्यांच्या जातीत हे नवलच. त्यामुळे आपण लेकीशी खोटं बोलतोय असं त्यांनी स्वतःच्या मनाला कधी म्हणू दिलं नाही. आपण कुठे काय बोलतो? मीटर बोलतं. रोज नाही, अधूनमधून करायचं, तिला फार घोर लागू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. पण "अधूनमधून" हळूहळू "रोज"च्या जवळ सरकलं.

लेकीने डॉक्टरांना फोन केला. एवढे आकडे ऐकून डॉक्टरांनी अर्ध्या गोळीची एक केली आणि महिन्याने रक्त तपासायला बोलावलं. मास्तरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण लेक समोर होती, पूर्ण चेहऱ्याने समोर होती, आणि जीभ दाखवा म्हणत होती. मास्तरांनी गोळी गिळली. तिने इस्त्रीवाल्यालाही दम भरला, "काका, बाबांच्या हातात गोड काही दिसलं की हिसकावून घ्या. माझी शपथ आहे तुम्हाला."

मग शाळेच्या बाईंचा लेक एकदाचा मापाला आला. मास्तर तो कोट कापायला बसले. कापड महाग होतं, जेवणाची वेळ टळून गेली तरी ते उठले नाहीत. खडूची रेघ दोन दिसायला लागली. मानेवरून घाम ओघळला, आणि ज्या हातात जन्मभर कात्री हलली नव्हती तो हात लटलट कापू लागला. मास्तरांना कळलं, साखर उतरलीय. त्यांनी फडताळातलं संत्रं काढलं आणि कसंबसं सोललं. पहिली फोड तोंडाशी नेणार, तेवढ्यात इस्त्रीवाला आत आला.

"आहा! चोर सापडला," म्हणून त्याने संत्रं हिसकावलं. "आधी मोजू. लेकीची शपथ आहे मला."

मास्तरांची जीभ जड झाली होती. इस्त्रीवाल्याने मीटर शोधलं, त्यांचं बोट धरलं, टोचलं. दोनशे बारा.

"बघ! आणि वर संत्री खातोस? म्हणून तर गरगरतंय तुला. आता पाणी पी आणि गप पड. गोडाला हात लावायचा नाही."

मास्तर त्या आकड्याकडे बघत राहिले. मीटर त्यांनीच शिकवलेलं बोलत होतं. समोर फळीवर सोललेलं संत्रं होतं आणि ते त्यांना मिळणार नव्हतं. आता आपण मेलो तर लेकीला वाटेल की साखर वाढून गेले, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी मित्राचा सदरा घट्ट पकडला.

"हात," ते म्हणाले. "माझा हात... धू."

"काय?"

"धू रे. मग मोज."

इस्त्रीवाल्याला काही कळेना. पण तो धावत जाऊन कपड्यांवर मारायची पाण्याची फवारणी घेऊन आला, मास्तरांचा हात भिजवला, पुसला, दुसरं बोट टोचलं. चौपन्न. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. संत्र्याच्या फोडी त्याने मास्तरांच्या तोंडात कोंबल्या, समोरच्या टपरीवरून दोन चमचे जास्त साखर घातलेला चहा आणला आणि कप धरून बसून राहिला. मास्तरांचा हात थांबल्यावर त्याने त्यांच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. ऐकून तो हसला नाही. त्याने मास्तरांचाच फोन उचलून त्यांच्या लेकीला लावला, तिला झोपेतून उठवलं आणि फोन मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी सांगितलं. लेक अंथरुणात उठून बसली. मग म्हणाली, "मी त्या आकड्यांवर तुमची गोळी वाढवून घेतली, बाबा. मी. तुम्हाला काही झालं असतं तर ती गोळी मी दिली होती." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिचा फक्त निरोप आला, गोळी पुन्हा अर्धी करा, आकडा दवाखान्यात कळवा. त्यानंतर काहीच नाही. मास्तर रोज सकाळी कोपरापर्यंत हात धुवायचे, टोचायचे, दवाखान्यात कळवायचे. आकडे सुरेख येत होते. बघायला कुणी नव्हतं. फोन ते बरणीला टेकवून ठेवायचे, तिच्यासारखा. चहा गार व्हायचा. इस्त्रीवाला म्हणाला, "करेल रे, तुझीच पोरगी आहे, राग धरला की कापडाच्या घडीसारखा धरते." मास्तरांनी मान डोलावली. घरात बायको गेली तेव्हाही एवढी शांतता नव्हती, कारण तेव्हा लेक होती.

आणि एका सकाळी फोन वाजला. मास्तरांची तारांबळ उडाली. ओल्या हाताने फोन घेतला, मीटर धरलं, करंगळी पुढे केली.

"धुतलेत गं हात, हे बघ, अजून ओलेच आहेत. थांब, टोचतो."

"राहू दे," लेक म्हणाली. फोन तिच्या हातात होता. मागे भाजी नव्हती, कुकर नव्हता, ती नुसतीच खुर्चीवर बसली होती. "आकडा नंतर. आधी बोला."

मास्तरांची पंचाईत झाली. एवढ्या गोष्टी जमवल्या होत्या आणि एकही सापडेना.

"मांजरीची पिल्लं मोठी झाली," ते म्हणाले. "गेली सगळी. एक राहिलंय."

"बाबा, कसे आहात?"

"एकदम..." मास्तरांनी सवयीने सुरुवात केली आणि ते थांबले. मीटर खाली ठेवलं.

"मला करमत नाही गं," ते म्हणाले.

तिकडे ती रडत होती की हसत होती ते त्यांना नीट दिसलं नाही, कारण चष्मा कपाळावर होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

"मलाही नाही करमत, बाबा," लेक म्हणाली. "एवढं सांगायला साखर कशाला लागत होती?"