मचूळ पाणी आणि पांढरा चहा

रेवसच्या धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा मी रडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नागावात अजून उलटच सांगतात. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. नवऱ्याला पंजाबात, पालमपूरच्या एका चहामळ्यात कारकुनाची नोकरी लागली होती. आमच्या आळीतून इतक्या लांब जाणारी मी पहिलीच. आई एवढंच म्हणाली, "ज्या गावचं पानी प्यायचं, त्या गावचं व्हायचं, बाय." मी ठसक्यात उत्तर दिलं, "मी नागावचीच राहणार."

पालमपुरात चहा हिरवा निघाला. पहिल्याच दिवशी मी तो आपल्यासारखा दूध-गूळ घालून खळखळ उकळला. शेजारीण हसून लोळायची तेवढी बाकी राहिली. मग तिनेच शिकवलं. पाणी उकळलं की उतरवायचं, जरा निवू द्यायचं, पत्ती घालून शंभर मोजेपर्यंत झाकायचं. दूध नाही, साखर नाही. मळ्यातल्या बायका घरापुरत्या कोवळ्या कळ्या नुसत्या सुकवून ठेवत; तो पांढरा चहा. त्याला झाकण ठेवून जास्त थांबावं लागे. वर्षभरात माझी जीभ अशी तयार झाली, की पत्ती पावसाआधीची की नंतरची हे मी एका घोटात सांगे. नवरा मळ्यात भाव मारी तो माझ्या जिभेवर! घरी कळवलं, इथे हिरवा चहा पितात. आईने भावाच्या हातून उलट लिहवलं, "गवती चहा विकत कशाला घेतेस? परसात लाव."

पाच वर्षांनी माहेरी आले, ती पांढऱ्या चहाचा डबा घेऊनच. आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी आळीत सगळ्यात गोड, असं मी पालमपुरात सांगत असे. तेच पाणी तापवलं, दोन कप भरले, आईसमोर ऐटीत बसले आणि पहिला घोट घेतला.

मचूळ. चक्क खारट.

दूध-गुळात हे कधी कळलंच नसतं. पांढऱ्या चहात काहीच लपत नाही. माझीच जीभ माझ्या गावाला फितूर झाली होती. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"खारं लागलं व्हय पानी?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," म्हटलं, आणि धक्क्यावर न आलेलं रडू तेव्हा आलं.

आईने कप शांतपणे संपवला. "मला बी लागतं. लगीन होऊन आले तवापासनं."

तिचं माहेर तळे गावचं, आत डोंगराकडचं. तिथलं पाणी गोड. तीस वर्षं ती ही विहीर उपसत होती आणि आम्हा भावंडांना तिने कधी कळू दिलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं गाव हाय ना त्ये," ती म्हणाली.

आता कुणी विचारलं, घर कुठलं, तर मी बेधडक सांगते, पालमपूर. माझ्या पोरांना तिथलं पाणी गोड लागतं.