आधी मोजा, मंग खा

गणित हा सर्व शास्त्रांचा राजा आहे, असं आमच्या अमडापूरच्या शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याच्याखाली बसून पहिलीची पोरं बोरं खात.

खाऊ घालणारे त्यांचे गुरुजीच. तास सुरू झाला की ते डोक्यावरची टोपी काढून उलटी धरत. तिच्यात हिवाळ्यात बोरं, पावसाळ्यानंतर भुईमुगाच्या शेंगा. मुठी वाटून म्हणत, "आधी मोजा, मंग खा." खाताना मध्येच थांबवत, "काऊन बे, किती राह्यले?" उत्तर चुकलं की खाणं बंद. तुम्ही मोठमोठे शिक्षणतज्ज्ञ पाहिले असतील. इतकी कडक परीक्षा त्यांनाही सुचली नसेल.

वजाबाकी पोरांना लगेच येई. बेरजेला वेळ लागे, कारण आपली बोरं शेजाऱ्याच्या ढिगात टाकायला कोणीच तयार नसे.

मी तेव्हा चौथीला शिकवत असे. माझ्या वर्गात पाढ्यांचा गजर चाले आणि हेडमास्तर खूश असत. गुरुजींवर मात्र नाराज. एकदा तपासणीच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पोराईले पाढे येत नाहीत. उद्या शेरा वाईट पडला, तं पहिली तुमच्याकून काढून घेईन."

त्या दुपारी गुरुजींनी भाकरीचं फडकं सोडलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी कोट घातलेले साहेब आले. खड्या आवाजात विचारलं, "आठातून तीन गेले, किती उरले?"

मग मागून एकाने चौकशी केली, "कोणं खाल्ले?"

गुरुजींनी निमूटपणे टोपी पुढे केली. साहेबांनी आठ बोरं तळहातावर मोजून घेतली आणि तीन खाल्ली. शांती नावाची चिमुरडी उठली. "पाच राह्यले."

साहेबांना खेळ आवडला असावा. उरलेली बोरं त्यांनी कोटाच्या खिशात टाकली आणि रिकामा हात पसरला. "आणि आता?"

दारातून हेडमास्तर ओठांनी शून्य सुचवत होते. शांतीने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते.

"पाचच," ती म्हणाली. "खिशात घातल्यानं कमी होतेत काय? मोजून पाहा ना, साहेब!"

आणि साहेबांनी खरोखरच खिशातून एकेक बोर काढून सगळ्या वर्गासमोर मोजलं. पाच भरली. गुरुजी इतके हसले, की शेजारच्या माझ्या वर्गातले पाढे थांबले.

शेरा चांगला पडला. पहिली निवृत्तीपर्यंत गुरुजींकडेच राहिली.

आता गुरुजी नाहीत. त्यांच्यामागे शाळेला मोजणी शिकवण्यासाठी रंगीत मण्यांची चौकट मंजूर झाली. हार घालून, नारळ फोडून तिचं उद्घाटन झालं. मणी हरवू नयेत म्हणून ती हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असते.