मागच्या दाराने आलेला पेशंट

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला त्याला आता चार वर्षं झाली. हात अजून स्थिर आहे, पण ऑपरेशनला तास न् तास उभं राहणं कंबर मानत नाही. दुसऱ्यांच्या कंबरा दुरुस्त करणाऱ्याची स्वतःचीच गेली, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. दुपारी ते मागच्या खोलीत रंधा मारत बसतात, आणि लाकडाचा वास आला की त्यांना हटकून हाडवैद्य आठवतात.

डॉक्टरांनी दवाखाना थाटला तेव्हा सगळी वस्ती हाडवैद्यांची. मुरगळलं, मोडलं, निखळलं की लोक त्यांच्याकडे. हाडाचा डॉक्टर माशा मारत बसलेला. वेळ जाईना म्हणून डॉक्टरांनी सुतारकामाचा जुना नाद पुन्हा धरला आणि पेशंटसाठी बाकं बनवायला घेतली.

"बाकं वाढताहेत," बायको म्हणाली. "बसणारं कोणी दिसत नाही."

तिसऱ्या वर्षी एका सकाळी मागचं दार वाजलं. बाहेर भाजीची हातगाडी, तिच्यावर चादर ओढून खुद्द हाडवैद्य. शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. शेजारी त्यांची सून उभी होती.

"पुढच्या दाराने नको म्हणतात," ती म्हणाली. "चार लोक बघतील."

ऑपरेशन कमरेखाली भूल देऊन झालं, त्यामुळे म्हातारबुवा जागे. हाडात सळई ठोकताना हातोडीचे आवाज पडद्यापलीकडे जात होते.

"काय रे, सुतार आहेस की डॉक्टर?"

"दोन्ही."

"मग ठोक. अर्धवट ठेवू नकोस."

बातमी काय लपते! महिन्याभरात हाडवैद्य काठी टेकत पुढच्याच दाराने येऊ लागले. पायाचा व्यायाम झाला तरी घरी जात नसत. बाकावर बसून पेशंट न्याहाळायचे. एकदा मनगट धरून एक शिंपीणबाई आली. एक्सरे स्वच्छ होता. डॉक्टर तिला नुसती गोळी देऊन पाठवणार, तोच बाकावरून आवाज आला.

"फोटो राहू दे. अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघ. मघापासून ती अंगठा वाचवतेय."

दाबल्याबरोबर बाई कळवळली. डॉक्टरांनी मनात नसतानाही प्लास्टर घातलं. दहा दिवसांनी पुन्हा एक्सरे काढला, तर छोट्याशा हाडात बारीक चीर. त्या दिवसापासून डॉक्टर आधी बोटांनी बघायचे, मग फोटोकडे.

हाडवैद्यही शिकत होते. एका दुपारी डॉक्टर त्यांना समजावत होते की मोडलेलं कोपर तेल लावून चोळलं की कधीकधी स्नायूतच हाड धरतं आणि हात कायमचा आखडतो.

"चाळीस वर्षं चोळतोय मी," हाडवैद्य म्हणाले. "किती हात आखडले असतील? मला वाटायचं, नशीब त्यांचं."

मग डॉक्टरांनी, बायकोलाही कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. शिकाऊ असताना त्यांनी एका गवंड्याला प्लास्टर घट्ट घातलं होतं. तो रात्रभर बोटं बधिर झाली म्हणत होता. हे म्हणाले, सहन कर. त्याची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

"भेटलास त्याला नंतर?"

"नाही. धीर झाला नाही."

"मग जाऊन ये."

डॉक्टर गेले. गवंडी आता किराणा दुकान चालवत होता, वाकड्या बोटांनी वजनं उचलत. ऐकून घेतलं त्याने सगळं. माफ केलं असं काही म्हणाला नाही. स्टूल पुढे सरकवलं, "बसा" म्हणाला, आणि गिऱ्हाईक संपेपर्यंत डॉक्टर बसून राहिले.

त्यानंतर हाडवैद्यांनी कोपराचा एकही पेशंट स्वतःकडे ठेवला नाही. सरळ दवाखान्यात पाठवायचे आणि मागोमाग स्वतः यायचे, डॉक्टर नीट करतोय का ते बघायला. अशी अकरा वर्षं गेली.

हाडवैद्य वारल्यावरही बाकं पेशंटनी भरलेलीच असायची. तरी डॉक्टर एखाद्या मनगटावर बोट ठेवून क्षणभर थांबायचे, कोणी काही म्हणतंय का याची वाट बघत.