शेवटच्या घरातलं ‘काही नाही’

माझ्या आत्याला घरात सगळे चौकशीखिडकी म्हणतात. दाताच्या डॉक्टरने तोंडात चिमटा घातलेला असतानाही तिने त्याला, थोरली लेक अजून रुसलेली आहे का, असं विचारलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिला भोचकपणाचाच पगार देणारी नोकरी मिळाली, तेव्हा मी तरी हात टेकले.

शहराबाहेरच्या वस्तीखाली तेल आहे का, हे एका कंपनीला शोधायचं होतं. अवजड ट्रक रस्त्यावर उभे राहून जमीन हादरवणार आणि परत येणाऱ्या थरथरीवरून खाली काय आहे ते ताडणार. त्याआधी कोणाला कशाचा त्रास होईल, हे घरोघरी विचारणं भाग होतं. आत्याने काम फारच मनावर घेतलं. कोंबड्या अंड्यांवर बसल्यात का, भिंतीला तडा आहे का, विहिरीचं पाणी गढूळ होतं का, सासू-सून एकमेकींशी बोलतात का, सगळं विचारून यायची. शेवटचं कामात नव्हतं.

रस्त्याच्या टोकाच्या घरात एक शिंपी आणि त्याची बहीण राहायची. त्याने कापडावरची नजर न काढता सांगितलं, “काही नाही. बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिला आवाजाचा कसला त्रास?”

आत्या निघाली खरी, पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. बहीण आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून काजं करत होती. तरी आत्याने उंबऱ्यात पाऊल टाकताच ती वळली होती. मग आत्या चपला काढून पुन्हा आत गेली. बहीण वळली. चवड्यांवर गेली, तरीही वळली. शिंपी वैतागला आणि शेवटी बोलला. घराची जमीन लाकडी आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला ती पायांनीच ओळखते. एकदा लॉरी भिंतीला धडकली, तेव्हा ती घरात एकटी होती. तो परतला तेव्हा ती टेबलाखाली बसलेली होती. पुढे कितीतरी दिवस तिने जमिनीला पाय लावला नाही. आणि तो तर दिवसभर कपडे पोचवायला बाहेर असतो.

‘काही नाही’ म्हणणाऱ्या या घरासमोर ट्रक न सांगतासवरता येऊन उभे राहिले असते. आत्या कंपनीच्या साहेबांच्या डोक्यावर जाऊन बसली. साहेब भला माणूस. त्यांनी कपाळाला हात लावला, पण ट्रक मागच्या माळावरून न्यायचं कबूल केलं.

ही बातमी द्यायला आत्या मला घेऊन गेली, तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. शिंप्याने बहिणीला हातवारे करून सगळं सांगितलं. ती काही खूश झाली नाही. सुई बाजूला ठेवून तिने हात भराभर हलवले.

शिंपी खाली बघत म्हणाला, “ती म्हणतेय, मला कुणी विचारलं?”

आत्याचा चेहरा खाडकन उतरला. अख्ख्या गल्लीच्या कोंबड्यांची चौकशी करणाऱ्या बाईने हिला एक प्रश्न विचारला नव्हता. एरवी मी चिडवायची संधी सोडत नाही, पण तेव्हा मला तिची फार दया आली. तिने स्टूल ओढलं, बहिणीसमोर बसली आणि सरळ तिलाच विचारलं. उत्तर शिंप्याने सांगितलं. ट्रक येऊ देत घरासमोर. फक्त दिवस आधी कळवा, आणि भाऊ घरी असू दे. तिला दचकायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

साहेबांनी पुन्हा कपाळाला हात लावला.

ठरल्या दिवशी ट्रक आले. बहीण अंगणात अनवाणी उभी होती, एका हाताने भावाचा दंड घट्ट धरून. थरथर सुरू झाली तशी तिने डोळे मिटले. जरा वेळाने दंडावरचा हात सुटला आणि हळूहळू हवेत वर वर चढत गेला. ती हसत होती.

आत्याला राहवेना. काय ऐकू आलं, तिने विचारलं. बहिणीने भावाला बरंच काही सांगितलं. खालून सुरू होऊन चढत जातं, गुडघ्यापर्यंत येतं, मग दातांत. आणि तुम्हाला, असं तिने उलट विचारलं.

“मला नुसतं इंजिन,” आत्या म्हणाली.

बहिणीने तिच्याकडे बघत हात हलवले. शिंपी घुटमळला.

“ती विचारतेय,” तो म्हणाला, “तुम्हाला पहिल्यापासूनच कमी ऐकू येतं का?”