अल ऐनच्या शाळेतली एक जागा

पाडली एकदाची. अबुधाबीकडच्या अल ऐनमधल्या त्या बैठ्या इंग्रजी शाळेचे फोटो मुलीने पाठवले, खाली रडके चेहरे. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर उमाळे फुटलेत, आपण सगळे किती एक होतो म्हणे. डोंबलाचे एक! आमच्या मुलांना तिथे जागा नसायची. फोनवर असायची, आम्ही समोर गेलो की भरलेली. आम्ही वसईचे ख्रिस्ती, आडनाव पोर्तुगीज. आडनाव वाचून मला दोनदा बोलावलं आणि तोंड बघून दोनदा परत पाठवलं.

शेजारी रत्नागिरीची एक बाई राहायची. तिची मुलगी माझ्या मुलीएवढीच, तिलाही नकार आलेला. तिने तक्रारअर्ज लिहिला. गोऱ्यांना एक नियम आणि आम्हाला दुसरा का, एवढंच त्यात विचारलं होतं.

"अगं, सही कर. घाबरायचं काय त्यात?" म्हणाली. आम्ही दहाबारा आईबापांनी सह्या केल्या.

आठवड्याभरात मुख्याध्यापिकेने मला एकटीलाच बोलावलं. चहा दिला. एक जागा निघाली आहे, म्हणाली, फक्त त्या अर्जावर माझं नाव नको. मी तिथेच, तिच्याच पेनाने, सही मागे घेतल्याचं लिहून दिलं. घरी विचारून येते म्हणण्याइतकीही लाज मला उरली नव्हती.

शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "खलास, झालं ते झालं. पण पोरीला सोडणार कोण? तुला तर ड्रायव्हिंग येत नाही." आणि वर्षभर तिनेच सोडलं. माझ्या मुलीला त्या फाटकाशी उतरवायची आणि स्वतःच्या मुलीला घेऊन पुढे इंडियन स्कूलला जायची. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी मुलगी वर्गात एकटीच सावळी. वाढदिवसाला सगळ्यांना बोलावणं, हिला नाही. मी हिलाच दटावायचे, नीट वाग म्हणजे बोलावतील. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेजारीण हटली नाही. पत्रं लिहीत राहिली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली. शेवटी शाळेने सगळ्यांना दारं उघडली, तोवर तिची मुलगी बारावी होऊन गेली होती.

परवा मुलीचा फोन आला. शाळेच्या आठवणींचा कार्यक्रम आहे.

"मॉम, दे वाँट यू ऑन द स्टेज. यू फॉट फॉर अस, ना?"

शेजारीण अजून इथेच अल ऐनमध्ये, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिला कुणी बोलावलं नाही. तिची मुलगी त्या शाळेची माजी विद्यार्थिनी नाही ना.

मुलीला खरं सांगायला तोंड उघडलं. "किती वाजता यायचं?" एवढंच विचारलं.