‘बघू’चा अर्थ विचारायला अंबाजोगाईला

उमापूरहून एसटी सुटली तेव्हा दुधाची किटली मी मांडीवर घट्ट धरली होती. आमच्या बायकांच्या दूध संस्थेतल्या बहुतेक जणी ऊसतोडीला गेलेल्या. मागे उरलेल्यांत सही येणारी मीच, म्हणून दूध थंड करायच्या यंत्राचा अर्ज घेऊन मलाच धाडलं. यंत्राच्या आशेवर आम्ही खव्याची भट्टी घालायची थांबवली होती आणि रोज दूध नासत होतं. मी चौथी शिकलेली. चार माणसांत तोंड उघडत नाही.

गेवराई, बीड करत मांजरसुंब्याला उतरले. रस्ताभर नुसती ढेकळं. ढाब्यावर भजी खाल्ली. चहावाला किटलीत डोकावला.

“मावशी, नासलं की हे! कावून (कशासाठी) नेता पुढं? लई वास मारतंय.”

“वास द्यायलाच नेते,” मी म्हटलं.

अंबाजोगाईच्या स्टँडवर भाची सुषमा आली होती. ती तिथे कॉलेजात इंग्रजी शिकते. यंत्रासाठी मदत देणाऱ्या परदेशी संस्थेच्या बाई तिथल्या कचेरीत बसल्या होत्या. मी बोलले, सुषमाने इंग्रजी केलं. मी झाकण उघडलं. बाईंनी वास घेतला आणि हसून म्हणाल्या, “व्हेरी इंटरेस्टिंग. वुई विल सी.”

सुषमा हरखली. “मावशी, बाईंना लई आवडलं! म्हणाल्या, आपण बघू.”

मला इंग्रजी येत नाही. पण बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि आमचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला, ते मी पाहिलं. आमच्याकडे स्थळ पसंत नसलं की मुलीचा बाप “बघू” म्हणतो. त्यानंतर कुठल्याच बापाने काही बघितलेलं नाही.

“विचार त्यांना, हे आमच्यासारखं ‘बघू’ हाय का?”

“इंग्रजीत तसं नसतं मावशी. पुस्तकात तर…”

“पुस्तक ऱ्हाऊ दे. विचार.”

मी खुर्ची सोडली नाही. सुषमाने मान खाली घालून विचारलं. बाई लाल झाल्या. मग थेट माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “नो. नॉट धिस इयर.”

“यंदा न्हाई,” सुषमा पुटपुटली.

“हे कळलं मला,” मी म्हटलं.

उठताना सवयीने तोंडून गेलं, “येते.” सुषमाने शब्दाला शब्द सांगितला, तशा बाई दाराकडे पाहू लागल्या, आणखी कोण येतंय म्हणून! निघताना ‘जाते’ म्हणणं आमच्याकडे अशुभ. पण बाई शेवटी सरळ बोलल्या होत्या. मी किटली उचलली आणि म्हटलं, “जाते.”

“मावशी! काय बोलतीस हे?” सुषमा ओरडली.

गावात शिरले तेव्हा आमच्या संस्थेच्या अध्यक्ष काकू ओट्यावर वाटच पाहत होत्या.

“काय म्हणाल्या गं?”

“न्हाई म्हणाल्या.”

“तोंडावर?”

“विचारावं लागलं.”

काकूंनी पदर खोचला. दुसऱ्या सकाळी आम्ही दोघींनी पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) गोळा केल्या आणि भट्टी पेटवली. त्या दिवसाचं दूध नासलं नाही, त्याचा खवा झाला.

सुषमाला मी पत्र लिहिलंय. परीक्षेत ‘वुई विल सी’चा अर्थ आला, तर मास्तरांना आधी विचार, बोलणारीने पेनाला टोपण लावलं होतं का.