भीमेकाठचा नवरोज

हा लेख खरे तर माझ्या यजमानांनी लिहायचा. ओव्हाळ सरांचे ते जुने मित्र. मागच्या वर्षी ते गेले, म्हणून सरांच्या साठीच्या गौरव समितीने मला सांगितले. मला लिहिण्याची सवय नाही. जे पाहिले तेवढेच लिहिते.

शिरूरच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा सर भूगोल शिकवीत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "बाई, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?" तोवर मला असे कोणी विचारले नव्हते. वर्गातही 'काळ्या', 'लंगड्या' अशा हाका ते चालू देत नसत.

पुण्याच्या कॉलेजात शेरको नावाचा तरुण मातीचा अभ्यास करीत होता. भीमेकाठच्या खारवलेल्या जमिनींचे नमुने घेण्यासाठी त्याला खोली हवी होती. सर मूळचे वडगाव रासाईच्या बौद्ध वस्तीतले, आणि माझे सासरही त्याच गावातले. सरांनी शब्द टाकला आणि माझ्या थोरल्या दिरांनी, आप्पांनी, खोली दिली. शेरको उत्तर इराकमधला कुर्द. गाव मात्र त्याला 'इराणी' म्हणे, आणि साखळीचोर समजून बायका विनाकारण गळ्यातले पदराखाली घेत.

२००३च्या मार्चमध्ये इराकवर बॉम्ब पडू लागले. त्याचा घरी फोन लागेना. आमची होळी नुकतीच झाली होती, त्यासाठी आम्हीही गावी होतो. एका संध्याकाळी पुण्याहून आलेल्या दोन मित्रांसह त्याने नदीच्या वाळूत जाळ केला आणि तिघे हात धरून नाचू लागले. शेजारी उभा ऊस. कोणीतरी ओरडले, "इराणी ऊस पेटवत्यात!" माणसे काठ्या घेऊन धावली. जाळ विझवला. आप्पा म्हणाले, "उद्याच्याला खोली खाली कर." नमुने अर्धेच झाले होते. खोली गेली की अभ्यास जाणार, अभ्यास गेला की इथे राहता येणार नव्हते, आणि तिकडे तर लढाई.

यजमान मोटारसायकलवरून सरांना घेऊन आले. सर पारावर उभे राहिले. त्यांच्या वडिलांना त्या पारावर कधी बसता आले नव्हते, हे जमलेल्या वयस्कांना ठाऊक होते.

"आप्पा, हा इराणी नाही. कुर्द आहे."

"म्हंजी कुठला? टीव्हीवर तर असला देश दाखवत न्हाईत."

"नकाशातही नाही. यांची भूमी तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरियात वाटली गेलीय. आप्पा, तुमची भावकी नदीपलीकडे किती?"

"निम्मी तिकडंच हाय."

"ती दौंड तालुक्यात, तुम्ही शिरूरमध्ये. मग ती भावकी नाही का?"

"व्हय तर! बांधावरनं भांडतो की तिच्याशी!"

माणसे हसली. सर मात्र हसले नाहीत. "यांची भावकी अशीच आहे. आपला पाडवा यायचाय, यांचं नवं वर्ष आज आलं. त्याला नवरोज म्हणतात. काही ठिकाणी हा जाळ केला म्हणून यांची माणसं तुरुंगात गेलीत." मग त्यांचा आवाज चढला. तसा तो मी एकदाच ऐकला. "माणूस स्वतःचं जे नाव सांगतो, त्याच नावानं त्याला हाक मारायची. हे मिळवायला आमच्या घरात पिढ्या गेल्या."

 तेवढ्यात आमच्या चुलत सासूबाई मागून म्हणाल्या, "आरं, पर पेटल्याली होळी मधीच कुणी इझवली? होळी कवा इझवत्यात का? पेटवा पयली!"

 आप्पांनी स्वतः आपल्या ढिगातल्या गोवऱ्या पाटीत भरल्या. "उसापास्नं लांब," एवढेच म्हणाले. जाळ पुन्हा धरला. सासूबाईंनी त्यात गुळाचा खडा टाकला आणि शेरकोला विचारले, "तुमच्यात बोंब मारत्यात का रं?" त्याने नाही म्हणून मान हलवली. "मग कसली ह्यी होळी!"

शेरकोने आप्पांच्या करंगळीत करंगळी अडकवली. त्यांच्याकडे फेर तसाच धरतात. आप्पा आधी लाजले, मग पाय टाकू लागले. यजमानांनी सरांनाही आत ओढले. जाळ पाहून पलीकडच्या काठावरून कोणी हाक दिली, "काय वो, परत होळी?" आप्पा छाती फुगवून ओरडले, "कुर्दांचा नवरोज हाय! या समदी!" आणि पलीकडची माणसे होडीत बसून खरेच आली.

खोली राहिली. काही दिवसांनी त्याच्या घरचा फोनही लागला. शेरकोने अभ्यास पुरा केला. आज तो आपल्या गावाजवळच्या विद्यापीठात आपल्या भाषेत मातीचा विषय शिकवतो.

यजमान गेल्यावर सर दर रविवारी येत. फार बोलत नसत, चहा घेऊन जात. त्या रविवारांचा मला किती आधार झाला, हे मी त्यांना सांगितलेले नाही.

आता सरांची साठी. पुढच्या नवरोजला शेरकोने त्यांना घरी बोलावले आहे. तिथे जाळ डोंगराच्या माथ्यावर करतात म्हणे. सर, ती चढण चढायला आपले गुडघे धड राहोत, दम टिकून राहो, आणि खाली आल्यावर आम्हाला तिथले सगळे सांगायला आपल्याला पुढची पुष्कळ वर्षे मिळोत.